घरापासनं लांबच्या गोठ्यात लाईट न्यायचीय? आधी कुट्टी मशीन कुठं ठेवायचं ते ठरवा

आमचा गोठा घरापासनं लांब आहे. टेपनं मोजलं तर दोनशे मीटर, चालत पावणेतीनशे पावलं. खटाव तालुक्यात वडूजच्या अलीकडं आमची वस्ती, घर वर रस्त्याला आणि गोठा खाली ओढ्याकडंला, कारण बोअर तिथं, लिंबाची सावली तिथं, आणि घरात माश्या नकोत म्हणून आजोबांनीच तो तिकडं घातलेला. चार जर्सी, दोन म्हशी. कितीतरी वर्षं पहाटेची धार आम्ही बॅटरीच्या उजेडात काढली, एकानं बॅटरी धरायची आणि एकानं धार काढायची, बॅटरी धरणारा पेंगला की उजेड कासंडीवरनं थेट म्हशीच्या तोंडावर. आमच्याच जिल्ह्यात कोयनेचा १९६० मेगावॅटचा प्रकल्प, पाटणकडच्या पठारावर पवनचक्क्या गरागरा फिरत्यात, आणि आमची म्हैस अंधारात.

तर ही लाईट न्यायच्या नादात मी पहिल्यांदा पैसे घालवले आणि दुसऱ्यांदा काम झालं. ज्यांचा गोठा, पोल्ट्री, रानातली खोली, बेदाण्याचं शेड असं काही घरापासनं लांब आहे त्यांनी वायर आणायला जायच्या आधी हे वाचा.

पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. घरात वापरतात ती दीड एमएमची (म्हणजे तारेच्या छेदाचे दीड चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, ९० मीटरचं एक बंडल येतं, तसली पाच बंडलं आणली. जायची एक आणि यायची एक, म्हणजे दोनशे मीटरला चारशे मीटर वायर लागते, हा हिशोबही मला दुकानातच कळला. बांबू रोवले, वायरी एकमेकीला पिळून वरनं ओढल्या, ओळखीच्या एका वायरमननं जोड मारून दिले. टेस्टर लावला, पेटला. बल्ब लावला, झकास. मीटर लावून बघितला तर २१५ व्होल्ट, घरी जेवढं तेवढंच! सगळे खूश, आईनं तर बोर्डाला हळद-कुंकू लावलं.

मग २ एचपीची कडबा कुट्टी, म्हणजे वैरण कातरायचं मशीन, चालू केली. मशीन नुसतं घुंऽऽ करत बसलं, चाक हलेना. वरचा बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा झाला. मी मीटरच्या दोन्ही पिना परत बोर्डात घातल्या तर आकडा १०५. भाऊ म्हणतोय चाकाला हातानं धक्का देऊ का (असलं चुकूनही करू नका, बोटं जातील), मी म्हणतोय थांब जरा, एवढ्यात फट्ट असा आवाज झाला आणि कपॅसिटर फुटला, जळका वास सुटला, जर्सीनं दावं ओढून खुंटी उपटली. आणि एवढं सगळं होऊन घरातला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप पडणारा स्विच, पडला नाही. हे का झालं ते नंतर सांगतो, कारण सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे.

आधी व्होल्टेज कुठं गेलं ते बघू. ठिबकच्या पाइपाचा कॉक बंद असला की शेवटच्या टोकालाही प्रेशर पूर्ण दिसतं, बरोबर? कॉक सोडल्यावर कळतं अर्ध्या इंची पाइपातनं किती येतंय. वायरचं डिट्टो तसंच आहे. लोड नसताना लांबच्या टोकाला व्होल्टेज पूर्णच दिसणार, नऊ वॅटच्या बल्बला काही फरक पडत नाही, मोटर चालू केली की खरं रूप दिसतं. म्हणून कुणी नुसता टेस्टर पेटवून दाखवला तर विश्वास ठेवू नका, लोड टाकून मीटर लावा.

हिशोब सोपा आहे, फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतो. अंतर मीटरमधलं, त्याची दुप्पट करायची, त्याला अँपिअरनं गुणायचं, मग तांबं असेल तर ०.०१८ नं आणि ॲल्युमिनियम असेल तर ०.०३ नं गुणायचं, आणि वायर जितक्या एमएमची असेल त्यानं भागायचं. जे येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. आमच्या केसमध्ये दोनशेची दुप्पट चारशे, गुणिले ०.०१८, भागिले दीड, म्हणजे ४.८. दर अँपिअरला ४.८ व्होल्ट गायब. चार बल्ब आणि दोन पंखे लावले तर एक अँपिअरसुद्धा होत नाही, पाच व्होल्ट गेले तरी कुणाला कळत नाही. धार काढायचं मशीन १ एचपीचं असलं तर सिंगल फेजवर सहाएक अँपिअर धरा, म्हणजे २९ व्होल्ट गेले. २ एचपीची कुट्टी चालू झाल्यावर ११-१२ अँपिअर घेते, तिथं ५८ व्होल्ट गेले. आणि सुरू होताना मोटर त्याच्या पाच-सहा पट मागते, तेवढा करंट त्या वायरीतनं जायलाच वाव नाही, मग आमच्यासारखं १०५ वर येऊन बसतं. वर मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो, निम्मं व्होल्टेज म्हणजे निम्मा जोर नाही, पाव जोर. पाव जोरात कडब्याची पेंढी कोण कातरणार?

आणि समजा तशीच ओढूनताणून चालली असती तरी बारा अँपिअरला त्या वायरीत जवळजवळ ७०० वॅट नुसते तापण्यात गेले असते. बिलाचा मीटर ते पण मोजतो.

माझ्या डोक्यात पुढचा विचार सरळ होता, की जाड वायर आणायची. ॲल्युमिनियमची १६ एमएमची केबल घेतली तर हिशोबानं कुट्टी चालली असती, दर अँपिअरला पाऊणच व्होल्ट जातो, चालू झाल्यावर नऊ व्होल्टचा फटका, आणि मशीन रिकामं ठेवून सुरू केलं तर उचललं असतं. दर काढला. रात्री जेवताना मी आणि भाऊ आकडेमोड करतोय तर आई म्हणाली, "आरं, वैरण घरावरनंच खाली जाती, मग मिशिन कशाला खाली नेताय? हितंच कातरा आन् पोत्यात भरून न्या की."

झालं. दोन मिनिटं आम्ही दोघं गप्प. कुट्टी आता घराच्या मागच्या भिंतीला आहे, मीटरपासनं दहा मीटरवर, वर पत्रा टाकलाय. सकाळी एकदाच कातरायचं, चार-पाच पोती एका हातगाड्यावर खाली जातात, उतारच आहे. गोठ्यात फक्त उजेड, पंखे, आणि पुढंमागं धार काढायचं मशीन घेतलं तर ते. मला वाटतं लांबच्या शेडला स्वस्तात वीज द्यायची म्हणजे नव्वद टक्के हेच आहे, की जड काम विजेकडं आणायचं आणि हलकं तेवढं तारेवर पाठवायचं. तुमची पिठाची गिरणी, वेल्डिंग, कुट्टी, जे काही मोठं आहे ते घराजवळ बसतंय का हे पहिलं बघा. नाहीच बसत म्हटलं तर मग केबलचा दर विचारा.

आता वायर. लांब अंतराला तांबं विसरा. तांबं किलोला ॲल्युमिनियमच्या तिपटीच्या वरच असतं, आणि तेवढीच वीज न्यायला ॲल्युमिनियम थोडं जाड लागलं तरी वजनात निम्मंच भरतं, त्यामुळं खर्चात लईच फरक पडतो. दुसरं म्हणजे तांब्याची वायर रानात उघड्यावर ठेवली की ती तुमची राहत नाही, बोअरच्या केबली चोरीला जातात हे काय मी सांगायला नको. मी शेवटी दोन कोअरची (आत दोन तारा असलेली) १० एमएमची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल घातली, आर्मर्ड म्हणजे ज्याच्यावर लोखंडी पट्टीचं चिलखत असतं ती. दर अँपिअरला १.२ व्होल्ट जातो. नुसत्या उजेडाला ४ एमएमसुद्धा पुरली असती, पण खड्डा एकदाच खणायचा असतो म्हणून जाड माप घेतलं. धारेच्या मशीनला सहा अँपिअरला सात व्होल्ट जातील, चालतंय. साधारण २३० च्या पाच टक्के, म्हणजे साडेअकरा व्होल्टपर्यंत वाटेत गेले तर ठीक, पण तुमच्या गावात संध्याकाळी मुळातच २०० येत असतील तर त्याहून कमीच धरा.

बऱ्याच जणांकडं सबमर्सिबलची जुनी तीन कोअरची फ्लॅट केबल पडलेली असते. ती वापरली तर चालते का, असं मला तिघांनी विचारलं. चालते, उजेडापुरती चालते, अडीच एमएमची असेल तर दोनशे मीटरला दर अँपिअरला तीन व्होल्टच्या आत जातात. दोन कोअर लाईटीला आणि तिसरी अर्थिंगला. पण तिला जोड किती आहेत ते बघा, बोअरमधनं काढलेल्या केबलीला जागोजागी टेप गुंडाळलेली असते, ते सगळे जोड तोडून फेका, आणि केबल उन्हात उघडी टाकू नका, जुन्या पीव्हीसी पाइपातनं न्या. पाइपात नेली तर मात्र गडी माणसाला ती पाण्याची लाईन वाटते आणि तो कधीतरी गळती बघायला करवतीनं कापतो, म्हणून पाइपावर दर चार-पाच मीटरला तांबडा पट्टा मारा.

जमिनीतनं न्यायची का वरनं? वाटेत स्वतःचीच जमीन असेल तर मी म्हणेन जमिनीतनं. अडीच फूट खोल चर, त्याच्या आत नको. आमच्याकडं वर मुरूम आणि ओढ्याकडं काळी, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून फाकते तेव्हा केबल ताणली जाऊ नये म्हणून सरळ न टाकता जराशी नागमोडी टाकायची. खाली चार बोटं वाळू, मग केबल, परत वाळू, त्यावर विटा आडव्या, मग माती, आणि जमिनीच्या फूटभर खाली धोक्याची पिवळी किंवा तांबडी पट्टी. विटा कशाला म्हणून भाऊ कुरकुरत होता, पण पुढं कधी कुणी खोऱ्यानं खणायला लागलं तर खोरं आधी विटेला लागतंय. चर आम्ही घरच्यांनीच चार दिवसात मारली, मजुरीचा मोठा भाग तिथंच वाचतो. केबल एकसंध घ्या, दुकानदार ड्रमवरनं पाहिजे तेवढी कापून देतो, मातीत जोड नको म्हणजे नको. मोजताना खांबावर चढायची-उतरायची, बोर्डात वळवायची अशी दहा-बारा मीटर जादा धरा, आमची दोनशेची लाईन केबल घेताना दोनशे बारा झाली.

वरनं न्यायची तर सर्व्हिस वायर जीआय तारेला (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेला) बांधून न्यायची, नुसती वायर स्वतःच्या वजनावर लोंबकळत ठेवायची नाही. खांब लोखंडी नको, लाकडी किंवा सिमेंटचे बघा. झाडाला खिळा मारून तर अजिबात नको, झाड वाऱ्यात हलतं आणि वायर घासून घासून उघडी पडते, शिवाय वानरं आहेत. वाटेत रस्ता आडवा येत असेल तर तारेची उंची ५.८ मीटर पाहिजे, १९ फूट. उसाची भरलेली ट्रॉली डोळ्यापुढं आणा म्हणजे का ते कळेल. आणि रस्ता सरकारी असेल किंवा मधे दुसऱ्याचं रान असेल तर आपल्या आपण तार ओढायचीच नाही, तिथं वेगळं कनेक्शन हाच मार्ग.

आता तो एमसीबी का पडला नाही ते. शॉर्ट झालं की एमसीबी पडतो असं आपण धरून चालतो. पण लांब आणि बारीक वायर स्वतःच करंट अडवून धरते. आमच्या त्या दीड एमएमच्या लाईनीला लांबच्या टोकाला दोन्ही वायरी एकमेकीला चिकटवल्या असत्या, एकदम डायरेक्ट शॉर्ट, तरी २१५ भागिले ४.८ म्हणजे ४५ अँपिअरच वाहिले असते. आणि १६ अँपिअरचा सी टाईपचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे गोठ्यात शॉर्ट होऊन कडब्याला आग लागायची वेळ आली तरी घरातला एमसीबी बराच वेळ तापत बसणार. म्हणून लांबच्या लाईनीला बारीक एमसीबी लावायचा, घराच्या टोकाला. नुसता उजेड असेल तर ६ अँपिअर, त्यात बी टाईप मिळाला तर उत्तम, तो १८ ते ३० अँपिअरलाच झटकन पडतो. आमच्या १० एमएमच्या केबलीला शॉर्टचा करंट १८० पर्यंत जातो, तिथं १० अँपिअरचा सी टाईप लावलाय, तो ५० ते १०० मधे पडतोच. किटकॅटमधे (फ्यूजमधे) तांब्याची जाड तार घालून ठेवणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

त्याच्या जोडीला आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं जमिनीत गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरचा, तो पण घराच्याच टोकाला म्हणजे सगळी लाईन त्याच्या पहाऱ्यात येते. इथं पैसे वाचवू नका. जनावराला माणसापेक्षा शॉक लवकर लागतो. चार पाय उघडे, खाली शेणमुताची ओल, पुढच्या आणि मागच्या पायात चार-पाच फुटाचं अंतर, गव्हाणीचा पाइप लोखंडी, गळ्यात साखळी. माणसाला नुसती मुंगी आल्यासारखी वाटेल एवढा करंट असला तरी गाय पाण्याच्या हौदाला तोंड लावत नाही, धारेला पाय झाडते, आणि आपण म्हणतो नजर लागली. गोठ्यातलं सगळं लोखंड, गव्हाणीचे पाइप, खांब, खुंट्या, एका जीआय पट्टीनं एकत्र बांधून गोठ्याच्याच अर्थिंगला जोडायचं. अर्थिंग म्हणजे ओल्या जागी आठ फूट जीआय पाइप, कोळसा आणि मीठ, वर फनेल, उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. आमचं हातधुण्याचं सांडपाणीच तिकडं सोडलंय. केबलीचं आर्मर ग्लँड (केबल बोर्डात घट्ट धरणारी धातूची कडी) लावून अर्थ केलंय का ते वायरमनकडनं डोळ्यादेखत बघून घ्या, बरेच जण ते टेप गुंडाळून मोकळं सोडतात. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातनं एकदा दाबायचं. बटण दाबून पडला नाही तर तो शोभेचा आहे.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडं सर्रास चालते. मोटरीच्या स्टार्टरवरनं एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत ठोकलेला गज. पंपाला तीन फेज लागतात, न्यूट्रल लागत नाही, त्यामुळं तिथं तो बहुतेक ठिकाणी आणलेलाच नसतो, म्हणून ही युक्ती. बल्ब पेटतो, खरंय. पण तो करंट जमिनीतनं जातो. उन्हाळ्यात माती सुकली की गजाभोवतीची जमीनच जिवंत होते, बल्ब मंद व्हायला लागला की लोक तिथं तांब्याभर पाणी ओततात, अनवाणी उभं राहून! गोठ्याजवळ हे असेल तर आजच्या आज काढा.

तसंही शेतीपंपाच्या कनेक्शनवरनं गोठ्याला लाईट घेणं नियमात बसत नाही. ज्या कारणासाठी कनेक्शन दिलंय ते सोडून वापरलं तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं आणि आकारणी दुप्पट दरानं होते. आकडा टाकला तर ती सरळ चोरी, कलम १३५. आणि नियम बाजूला ठेवला तरी उपयोग काय? शेतीच्या फीडरला (सबस्टेशनवरनं शेतीसाठी निघालेल्या वेगळ्या लाईनीला) थ्री फेज दिवसातनं ठरलेले तासच असतो, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत फीडर सोलरवर गेले की तर वीज दिवसाच येणार. पाणी पाजायला लई चांगलं आहे ते, पण आमची धार पहाटे चारला आणि संध्याकाळी सहाला असते.

म्हणूनच नवीन मीटर घेणाऱ्यांना एक सांगणं. गोठ्याजवळ पोल दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तो पोल गावठाण फीडरचा आहे का शेतीच्या फीडरचा हे आधी लाईनमनला विचारा. गावठाणचा असेल आणि जवळ असेल तर सगळ्यात स्वस्त तेच, केबल-बिबल काही नको, महावितरणला ए-वन फॉर्म भरा, ऑनलाईन भरता येतो, सातबारा आणि आधार लागतं. पोल लांब असेल तर नवीन पोलाचं अंदाजपत्रक काढून घ्या आणि ते केबलीच्या दराशेजारी ठेवून बघा. दोन-चार जनावरं घरच्यापुरती असतील तर घरच्या मीटरवरनं त्याच जागेत लाईट नेण्याबद्दल सेक्शन ऑफिसला एकदा तोंडी विचारून ठेवा, पण वीस-पंचवीस गाईंचा धंद्याचा गोठा किंवा पोल्ट्री असेल तर त्याला वेगळं कनेक्शनच घ्या, महावितरणच्या दरात पंप सोडून शेतीच्या इतर वापराचा वेगळा वर्ग आहे, त्यात ते येतं.

अंतर तीन-चारशे मीटरच्या पुढं असेल आणि फक्त उजेडच पाहिजे असेल तर केबलीच्या नादाला लागूच नका, सोलर लावा. चार बल्ब नऊ वॅटचे, रोज पाच तास, म्हणजे १८० वॅट-तास. १०० वॅटचं एक पॅनल आपल्याकडच्या उन्हात एवढं आरामात देतं, सोबत १२ व्होल्टची ४० एएचची बॅटरी, निम्मीच वापरायची म्हणजे टिकते. पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण १८ अंश, आणि महिन्यातनं दोनदा फडकं मारायचं, गोठ्याजवळ कडब्याचा भुसा इतका उडतो की विचारू नका. माण-खटावला पाऊस कमी त्यामुळं जुलै-ऑगस्टलाही निभतं, पाटण-महाबळेश्वरकडच्यांनी मात्र पॅनल आणि बॅटरी दोन्ही दुप्पट धरा. बल्ब १२ व्होल्टचेच घ्या, इन्व्हर्टरची भानगड नको. पण १२ व्होल्ट लांब नेता येत नाहीत हे ध्यानात ठेवा. मित्रानं घराच्या छतावर पॅनल बसवून तिथनंच गोठ्याला १२ व्होल्टची वायर न्यायचं ठरवलेलं, अडीच एमएमच्या तांब्यातनंसुद्धा दोनशे मीटरला दोन अँपिअर पाठवले तर पावणेसहा व्होल्ट वाटेतच संपतात, राहिले काय? पॅनल आणि बॅटरी गोठ्यातच पाहिजेत. सोलर पंपाच्या कंट्रोलरमधनं बल्बला लाईन काढायचा उद्योग करू नका, त्यातनं निघते ती घरातल्यासारखी स्थिर २३० व्होल्टची वीज नसते, आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल ते वेगळंच.

तासगावकडं आमच्या पाहुण्यांचं बेदाण्याचं शेड आहे, तिथं हंगामापुरताच, दोन-तीन महिने उजेड लागतो. त्यांनी काहीच पुरलं नाही, पॅनल आणि बॅटरी ट्रॅक्टरमधे घालून नेतात आणि हंगाम झाला की घरी आणून त्यावरच अंगणातला दिवा लावतात. डोकं चालवलं की असं.

अजून एक मधला मार्ग आहे, बारीक वायर असणाऱ्यांसाठी. गोठ्यात इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी ठेवायची. चार्जिंगला घरून जेमतेम एक-दीड अँपिअर लागतो, तेवढा बारीक वायरीतनंही सुखानं जातो, दिवसभर हळूहळू भरत राहतं, आणि लाईट गेली तरी धार अडत नाही. मोटर मात्र त्यावर नको.

गोठ्यातलं फिटिंग सगळं प्लॅस्टिकचं, झाकणबंद. शेणामुताच्या वाफेनं लोखंडी बोर्ड दोन वर्षात सडतो. वायर पाइपातनंच, उंदीर तर खातातच पण गाई पण चाटतात, आमच्या एका कालवडीनं होल्डरच चघळलेला. स्विच बाहेरच्या भिंतीला, डोक्याच्या उंचीवर. ॲल्युमिनियमची केबल जिथं तांब्याच्या वायरला मिळते तिथं नुसतं पिळून जोडू नका, महिन्याभरात पांढरी भुकटी धरते आणि जोड तापतो, बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबं असलेला जोड) लावा. एप्रिल-मेला वळीव कडाडायला लागला की घराकडचा दोन पोलचा मेन पाडून ठेवायचा, एवढ्या लांब लाईनीवर वीज पडली तर ती दोन्ही टोकाला पोचते. आणि शेवटची जोडणी, टेस्टिंग, हे लायसनवाल्या वायरमनकडनंच.

चर बुजवायच्या आधी टेप शेजारी ठेवून फोटो काढा, बांधापासनं किती फूट, लिंबापासनं किती फूट, सगळं दिसेल असे. मी काढले आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टाकले. गेल्या पावसाळ्याआधी शेजारच्या अण्णांनी बांधाला जेसीबी आणला तेव्हा मी पुण्यात होतो, बायकोनं फोटो बघून बांधावर चुन्याची रेघ मारली आणि जेसीबीवाल्याला म्हणाली, हिच्या पलीकडं काय पण करा.